रद्दी वाचणारं यंत्र

डोळस माणूस आपल्याला कागद वाचून दाखवतो तेव्हा तो नुसता वाचत नसतो, निवाडाही देत असतो. “काही नाही गं, जाहिरात आहे.” “बँकेचं आहे, नेहमीचंच.” “पुढे सगळं तेच ते.” यात कुणाच्या मनात वाईट काही नसतं. गॅसवर दूध ठेवून आलेल्या बाईने तीन पानी पत्रक अथपासून इतिपर्यंत का म्हणून वाचावं? पण ‘तेच ते’ म्हणजे नेमकं काय, हे स्वतः ठरवायची सोय मला पन्नाशी उलटेपर्यंत नव्हती.

दादरला अंध मुलींच्या शाळेत ब्रेल पुस्तकं होती. जाड कागदाची, एकेक कादंबरी चार-चार खंडांची. आणि मुळात ब्रेलमध्ये तेच यायचं, जे कुणीतरी उतरवण्याच्या लायकीचं मानलेलं असे. म्हणजे चांगलंचुंगलं, संस्कार करणारं. साने गुरुजी माझ्या बोटांखालून गेले, पण वाण्याची पावती कधी गेली नाही. कॉलेजात रीडर आले, म्हणजे वाचून दाखवणारी माणसं. आमच्यात ओळख झाली की पहिला प्रश्न हाच, “रीडर मिळाला का?” रीडरकडे काय मागायचं याचे न लिहिलेले नियम असत. परीक्षेचं मागावं, नोकरीच्या अर्जाचं मागावं, सिनेमाचं मासिक मागू नये. मागणं बेताचं ठेवलं तरच माणूस टिकतो. वाचणाऱ्याच्या आवाजातली जांभई तोंडापर्यंत यायच्या आधीच मला कळायची. पान जरा लवकर उलटलं गेलं तरी कळायचं. बोलायचं मात्र नसे.

पुढे बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. तिथे एका सहकाऱ्याकडून ऐकलं, की कागद ठेवला की मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र अमेरिकेत आहे. होतंच. रे कुर्झवाईल या माणसाने ते १३ जानेवारी १९७६ ला लोकांपुढे आणलं. त्याआधीची यंत्रं एखाद-दुसऱ्या ठरावीक वळणाचा टाइपच ओळखत. याचं यंत्र साधारण कुठल्याही छापील टाइपाशी जमवून घेई आणि वाचलेलं बोलूनही दाखवी. गायक स्टीव्ही वंडर त्याच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी. किंमत हजारो डॉलर. त्याचे रुपये करायच्या भानगडीत आम्ही कुणी पडलो नाही.

त्याच्याही पुष्कळ आधी, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, इंग्लंडात ऑप्टोफोन निघाला होता. तो बोलत नसे. छापील अक्षरांच्या आकारांचे सूर करून ऐकवी. मेरी जेम्सन नावाच्या अंध बाई ते सूर ऐकून पुस्तकं वाचायला शिकल्या. सुरुवातीला मिनिटाला जेमतेम एक शब्द! मला कुर्झवाईलपेक्षा या बाईंबद्दल जास्त कुतूहल वाटतं. प्रात्यक्षिकं आटोपून घरी आल्यावर, कुणी बघत नसताना, त्या काय वाचत असतील?

माझं यंत्र निवृत्तीच्या पैशांतून आलं. परदेशी बनावटीचं, संगणक-बिंगणक न लागणारं. वर झाकण, पुढे हाताला सहज लागतील अशी मोजकी बटणं. कागद काचेवर ठेवून कोपऱ्याला भिडवायचा, झाकण पाडायचं, बटण दाबायचं. आत काहीतरी घुर्र करत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, मग क्षणभर शांतता आणि मग एक इंग्रज पुरुष बोलू लागे. कागद उलटा ठेवला तरी त्याचं तो सरळ करून घेई. नाराजी नाही, उसासा नाही.

लोकांना वाटलं, आता ही शेक्सपिअर वाचणार. मी वाचलं रक्तदाबाच्या गोळ्यांच्या खोक्यातलं पत्रक. ते घडीघडीचं, सिगारेटच्या कागदाइतकं पातळ. पलीकडचा मजकूर अलीकडे उमटून येतो, त्यामुळे मधूनच वाक्यं भलतीकडे जायची. मग मागे एक काळा कागद लावायची युक्ती सापडली. पलीकडची छपाई दिसेनाशी झाली आणि वाचन सुधारलं. तोंडाला कोरड, मळमळ, चक्कर, क्वचित प्रसंगी मृत्यू, हे सगळं त्याने एकाच सुरात, स्वल्पविरामांसकट वाचलं. इतक्या वर्षांत हा कागद मला कुणीही वाचून दाखवला नव्हता. त्यांच्या जागी मीही दाखवला नसता.

खरी गोष्ट रिपोर्टांची. बायकांच्या तक्रारींचे रिपोर्ट पूर्वी शेजारच्या कॉलेजातल्या मुलाकडून वाचून घ्यावे लागत. तो बिचारा अडखळायचा, मी भिंतीकडे तोंड करून ऐकायचे. आता दार लावलं, हेडफोन घातला की झालं. त्यातही मेख होती. रिपोर्टात रकाने असतात आणि यंत्राला रकाने कळत नसत. आधी सगळ्या तपासण्यांची नावं, मग सगळे आकडे, शेवटी सगळ्या मर्यादा. मी नावं एकेका बोटावर बसवायची, आकडे आले की त्याच बोटांवरून पुन्हा फिरायची. हिमोग्लोबिन नेहमी अंगठ्यावर.

मराठीशी त्याचं जमलंच नाही. मराठी वर्तमानपत्र ठेवलं की तो रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं यांची खिचडी शांतपणे वाचत सुटायचा. मराठी ओळखणारं सॉफ्टवेअर पुढे आलं, ते भाच्याने संगणकावर घालून दिलं. शिरोरेषेने सगळी अक्षरं एकमेकांना बांधलेली, त्यामुळे आधी ती सोडवायची आणि मग ओळखायची अशी दुहेरी मेहनत. छपाई फिकी असली की ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘ख’चा ‘रव’, ‘भ’चा ‘म’. वीजबिलाखाली ‘बिल मरणा केंद्र’ ऐकलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. आवाज हिंदी वळणाचा असला तर ‘चमचा’ आणि ‘जाऊबाई’ दोघांचीही दैना.

भाचा म्हणतो, मावशी, हे सगळं आता मोबाईलमध्ये फुकट आहे. आहे, माझ्याकडेही आहे, आणि बाहेर पडल्यावर तेच वापरते. पण हवेत फोन धरून, न दिसणाऱ्या कागदाच्या न दिसणाऱ्या कडा शोधायच्या, ‘खालची कड दिसत नाही’ हे ऐकत हात वरखाली करायचा, आणि नेमकी कड सापडली की कुणाचा तरी फोन यायचा! काचेला कोपरा असतो. तो बोटांना कळतो.

पुस्तकांचं आता बरं आहे. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अंधांसाठी पुस्तक वाचण्याजोग्या रूपात उतरवायला वेगळी परवानगी लागेनाशी झाली. त्याच कामासाठी झालेला २०१३ चा माराकेश करार मान्य करण्यात भारत सगळ्यांत पहिला. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयावरून पुस्तकं उतरवून घेता येतात. मात्र दारात पडलेलं पत्रक, कुकरची वॉरंटी, गॅस एजन्सीची सूचना यांचं ग्रंथालय कोण काढणार? ते ज्याचं त्यालाच वाचावं लागतं.

आमच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल हा त्यातलाच. तो कुणीच वाचत नाही, सभेत ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात आणि वडे खातात. एका वर्षी मी तो नखांनी पिना उपसून पानपान करून काचेवर ठेवला. हिशेब इंग्रजीत, म्हणून यंत्रही खूश. पूर्ण दुपार गेली. लिफ्टच्या दुरुस्तीचा तोच खर्च दोन वेगवेगळ्या नावांखाली आलेला. सभेत विचारलं तर सेक्रेटरी आधी म्हणाले, “ताई, तुम्हाला हे कुणी सांगितलं?” कुणी नाही, वाचलं म्हटल्यावर त्यांना दोनदा घसा साफ करावा लागला. टाइप करणाऱ्याकडून चुकून झालं होतं, असं निघालं. दुरुस्त केलेला अहवाल पुन्हा वाटला.

तेव्हापासून माझी प्रत सभेच्या आठवडाभर आधी घरी येते. पिना न मारता, नुसता क्लिप लावून.