कोणत्या कामास अपात्र?

‘अपात्र’ हा शब्द अपुरा आहे, असें मला फार दिवसांपासून वाटत आलें आहे. मनुष्य पात्र असतो तो कशास तरी. अपात्र असतो तोही कोणत्या तरी विशिष्ट कामासच. तें काम न सांगतां आपण नुसता शब्द उच्चारतों, आणि ऐकणारा तो आपल्या सबंध आयुष्याला लावून घेतो. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीचा इतिहास वाचतांना हा विचार मनांत अधिकच दृढ झाला.

सैन्य म्हणजे केवळ लढणारे वीर नव्हेत, हें आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणांत ‘विष्टि’ म्हणजे सैन्याबरोबरचे कामकरी यांचीं कामें सांगितलीं आहेत. छावणी, रस्ते, पूल व विहिरी नीट राखणें, शस्त्रें व दाणागोटा वाहणें, रणांगणांतून जखमी माणसें बाहेर काढणें, हीं तीं कामें होत. हे हात नसतील तर धनुर्धराचा बाण भात्यांतच राहील.

पहिल्या महायुद्धांत ब्रिटनला हेंच नव्यानें शिकावें लागलें. १९१४ च्या सप्टेंबरांत भरतीस इतकी गर्दी लोटली कीं, उंचीची अट ५ फूट ३ इंचांवरून ५ फूट ६ इंचांवर नेण्यांत आली. नोव्हेंबरपर्यंत ती पुन्हा पहिल्या ठिकाणीं आली. या अवधींत कोणाचीं हाडें लांब झालीं नव्हतीं कीं आंखूड झालीं नव्हतीं. बदलली होती ती सरकारची गरज!

१९१६ सालीं सक्तीची भरती सुरू झाल्यावर मनुष्यांच्या श्रेणी ठरविण्यांत आल्या. ‘ए’ म्हणजे प्रत्यक्ष रणांगणास योग्य, ‘बी’ म्हणजे परदेशांत परंतु हलक्या कामास योग्य, आणि ‘सी’ म्हणजे स्वदेशांतच ठेवण्याजोगा. ‘बी’ व ‘सी’ यांचे पुन्हा तीन तीन पोटभेद होते. पहाऱ्यास ठेवावयाच्या मनुष्यास ५ मैल कूच करतां आली पाहिजे व चष्मा लावून कां होईना, नेम धरण्यापुरतें दिसलें पाहिजे. मजुरीच्या कामाच्या मनुष्यास कामावर चालत जातां-येतां आलें म्हणजे पुरे. तिसऱ्यास केवळ बैठें काम. १९१७ च्या आरंभीं ‘लेबर कोअर’ स्थापन झाली. तींत बहुतेक ‘ए’ श्रेणीखालचेच लोक होते, आणि युद्धाच्या अखेरीस त्यांची संख्या सुमारें ३ लाख ९० हजार होती. रस्ते व आगगाडीचे रूळ दुरुस्त ठेवण्याचें त्यांचें काम पुष्कळदा तोफांच्या माऱ्यांतच चाले. १९१८ च्या वसंतांत जर्मनांनीं मोठी चढाई केली, तेव्हां त्यांपैकीं कित्येकांच्या हातीं बंदुकाही देण्यांत आल्या!

या पद्धतीचा दुरुपयोगही झाला, हें सांगितलेंच पाहिजे. पूर्वीं नाकारलेल्यांस १९१७ सालीं कायदा करून पुन्हा तपासणीस बोलाविलें. घाईच्या तपासणींत रोगी माणसेंही योग्य ठरूं लागलीं, लोक संतापले, पार्लमेंटनें चौकशी समिति नेमली. शेवटीं १ नोव्हेंबर १९१७ पासून भरती व तपासणी युद्धखात्याकडून काढून मुलकी खात्याकडे देण्यांत आली. पुढील वर्षांत २४ लाखांवर तपासण्या झाल्या. दर नऊ पुरुषांत तीनच पूर्ण निरोगी निघाले! उत्तम प्रकृतीचे पुष्कळ तरुण आधींच रणांगणावर गेले होते, हें खरें. तथापि कारखान्यांतील व गलिच्छ वस्त्यांतील जीवनानें राष्ट्राचें काय केलें होतें, तें या आंकड्यांनीं उघड झालें.

पण इंग्रजी समाजानें त्यांतून उचललें काय? ‘सी-थ्री’ हा शब्द. बैठ्या कामास नेमण्यासाठीं केलेली ती खूण पुढें कोणत्याही निकृष्ट गोष्टीस लावावयाची शिवी झाली.

आपल्या घरांतही हें घडतें. माझा एक विद्यार्थी सपाट तळव्यांमुळें सैन्यभरतींतून परत आला. घरच्या वडीलधाऱ्यांनीं, रागानें नव्हे, निव्वळ संवयीनें, त्याला ‘आमचे बाद झालेले चिरंजीव’ म्हणावयास आरंभ केला. दोन वर्षें तो मुलगा लग्नकार्यांतही चारचौघांत बसेना. वैद्यानें त्याचे तळवे तपासले होते. नापास मात्र तो सगळाच झाला.

आपल्या सैन्यांत हल्लीं ‘शेप’ नांवाची पद्धति आहे. मन, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता व दृष्टि यांचें मापन निरनिराळें होतें. सेवेंतील जवानाची एखाद्या अंगांतील श्रेणी उतरली, तरी पुष्कळदा कामाच्या मर्यादा घालून त्याला सेवेंत ठेवतात. नव्या उमेदवारास अट कडक असते, आणि ती असावीही. कारण एकाच्या दुबळेपणाचें ओझें रणांत शेजारच्यावर पडतें. कसोटी कडक असण्याविषयीं माझी तक्रार नाहीं. कसोटीचा निकाल तिच्या कक्षेबाहेर नेऊं नये, एवढेंच माझें म्हणणें.

एकत्र कुटुंबांत दम्याचे काका असतात, मंद दृष्टीची आत्या असते, गणितांत कच्चा पुतण्या असतो. यांपैकीं कोणास ‘निरुपयोगी’ म्हणावयाचें झाल्यास आधीं कामाचें नांव घ्यावें. तें घेतलें म्हणजे दुसऱ्या एखाद्या कामाचें नांव आपोआप सुचतें. आणि तें सुचविणें हेंच घरांतील वडील मनुष्याचें खरें काम आहे.