एलीयाची भाकर आणि आईची गोळी



एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे (1 राजे, अध्याय 19). कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला, तोच देवमाणूस पुढे रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे म्हणत नाही. देवदूत त्याला हलवून उठवतो, भाकर आणि पाणी पुढे ठेवतो. तो खातो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येऊन खाऊ घालतो, कारण पुढचा प्रवास मोठा असतो.

मसाटमध्ये घरोघरी प्रार्थनेला जाताना आम्हाला अशा थकलेल्या बहिणी भेटतात. नवरा कंपनीत शिफ्टला, माहेर दूर, पोटात बाळ. झोप नाही, जेवण जात नाही, रडू आवरत नाही. डॉक्टरांनी नैराश्यावर गोळी दिली की कोणी म्हणते, ‘बाळाला बाधेल, बंद कर.’ कोणी म्हणते, ‘जपमाळ कर, गोळी कशाला?’

पण बाळाला आईचे दुखणेही बाधते. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 270 गरोदर मातांची पाहणी केली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के माता नैराश्यात होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचे मन गरोदरपणातच खचलेले होते. 2003 साली त्यांनी पुढचे निष्कर्ष मांडले: अशा मातांची बाळे सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनाने, उंचीने आणि बौद्धिक वाढीत मागे राहिलेली दिसली.

मग गोळीचे काय? 2017 साली स्वीडनमधल्या 15 लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गरोदरपणात आईने गोळी घेतली, दुसऱ्यात नाही, अशा सख्ख्या भावंडांची त्यात तुलना होती. गोळीमुळे स्वमग्नता वाढल्याचे दिसले नाही; बाळ थोडे आधी जन्मण्याची शक्यता मात्र किंचित वाढलेली आढळली. काही बाळे जन्मानंतर थोडे दिवस चिडचिडी असतात, म्हणून डॉक्टर लक्ष ठेवतात. काही औषधे गरोदरपणात टाळतात, काही चालतात. हा निर्णय डॉक्टरांनी आणि त्या बहिणीने मिळून घ्यायचा. चालू गोळी मनाने एकदम थांबवली तर दुखणे उलटू शकते.

आपल्या वाट्याला देवदूताचे काम आहे. तिच्या घरी डबा न्या, मोठ्या मुलाला तासभर सांभाळा, दवाखान्यात सोबत जा. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली तर तिला एकटी सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. ‘टेली मानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, रात्रीही लागतो. आणि तिच्याजवळ बसून जपमाळही जरूर म्हणा. प्रार्थना आणि औषध एकमेकांच्या आड येत नाहीत. भाकर देवानेच पाठवली होती.

हे प्रभू, खचलेल्या मातांना उभारी दे, आणि आमच्या जिभेला सांभाळ. आमेन.