‘सगळं येतं’ म्हणू नका

मी पुण्यात पेशंटची देखभाल करणाऱ्या बायकांना शिकवते आणि अभ्यासक्रम संपत आला की त्यांच्याकडून मुलाखतीची तयारी करून घेते. उमेदीची वर्षं वॉर्डात नर्स म्हणून गेलेली असल्यामुळे शिकवणं जड गेलं नाही. मुलाखतीचं मात्र वेगळंच शास्त्र निघालं.

‘तुम्हाला काय काय येतं?’ या प्रश्नावर वर्गातून हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘सगळं येतं, मॅडम.’ त्याच्या पाठोपाठ, ‘स्वतःच्या आईसारखी सेवा करीन.’ दोन्ही उत्तरं मनापासूनची असतात आणि दोन्ही निरुपयोगी. मुलाखत घेणाऱ्या, पेशंटच्या मुलीने बायका पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेल्या प्रत्येक बाईकडून तीच ऐकलेली असतात. तिला सेवेचं वचन नको असतं. तिच्या आईला रात्रीतून कितीदा कुशीवर वळवणार, हे ऐकायचं असतं.

या कामाची मुलाखत ऑफिसात टेबलापलीकडे होत नाही. ब्युरोत कागद बघतात. आधार कार्ड, फोटो, पोलीस व्हेरिफिकेशन, आधीच्या घरचा फोन नंबर. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचं ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ किंवा ‘होम हेल्थ एड’चं सर्टिफिकेट असलं तर उत्तम. पण हे सगळं दारापर्यंत नेतं. खरी मुलाखत कोथरूडच्या नाहीतर सहकारनगरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये, पेशंटच्या खोलीतच होते. सूनबाई प्रश्न विचारतात, परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवरून बघत असतो आणि जिच्यासाठी हे चाललंय ती आजी पलंगावर पडून सगळं ऐकत असते. तिला कोणी काही विचारत नाही. म्हणून माझा पहिला नियम असा, की खोलीत शिरल्यावर पहिला शब्द आजीशी. तिच्या नजरेच्या पातळीवर वाकून आपलं नाव सांगायचं, ‘आजी, बसू का इथे?’ म्हणून विचारायचं. घरच्यांशी बोलणं त्यानंतर. लकव्याने जीभ जड झालेल्या माणसालासुद्धा समोरचा आपल्याशी बोलतोय की आपल्याविषयी, हे पक्कं कळतं.

वर्गात येणाऱ्या पुष्कळ जणी हिंगोली, नांदेड, बीडकडून पुण्यात आलेल्या. ‘आधी काही काम केलंय का?’ विचारलं की मान हलवून ‘नाही’ म्हणतात. मग कळतं, सासूला पॅरालिसिस झाला होता आणि शेवटपर्यंत सगळं हिनेच केलं. मी म्हणते, ‘सकाळी उठल्यापासून सांग. काहीच गाळू नको.’ सुरुवातीला ‘पुसून घ्यायचे, खाऊ घालायचे’ एवढ्यावर गाडी थांबते. खोदून विचारावं लागतं. पुसायला पाणी कसलं? आधी तोंड की आधी पाय? घास कोणत्या बाजूने? आणि मग निघतं, की ही बाई घास चांगल्या बाजूने भरवायची, गिळल्यावर गालात अन्न साठलंय का ते बघायची, पोटऱ्यांखाली लुगड्याची घडी ठेवून टाचा गादीपासून अधांतरी ठेवायची. कोणी शिकवलं नव्हतं. ‘याला काम म्हणतात होय?’ असं तिचं तिलाच नवल वाटतं. माझं निम्मं शिकवणं म्हणजे तिने केलेलं तिच्या तोंडून बाहेर काढणं.

मग एकेका प्रश्नावर घोटून घेते. ‘बेडसोअर होऊ नये म्हणून काय कराल?’ ‘काळजी घेईन’ चालणार नाही. ‘साधारण दर दोन तासांनी कूस बदलेन, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तसं. एअर बेड असला तरी कूस बदलेनच. आंघोळ घालताना माकडहाड, टाचा, घोटे, कोपर बघेन. कुठे लालसर दिसलं आणि दाबूनही तो लालपणा गेला नाही, तर त्या जागी चोळणार नाही, तिथे भार येऊ देणार नाही आणि तुम्हाला लगेच दाखवीन.’ पलंगावरून व्हीलचेअरवर घेण्याचा प्रश्न आला तर उत्तर ब्रेकपासून सुरू झालं पाहिजे. आधी ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या, खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला आणायची. आधार कमरेशी द्यायचा. लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. हे पाठ करून येत नाही. ज्या बाईने ते हाताने केलंय तिच्या बोलण्यात ब्रेक आपोआप आधी येतो आणि ऐकणाऱ्याला तो फरक जाणवतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या १८५९च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं तसे प्रश्न विचारण्यावर तिचा राग. रात्र चांगली गेली का, असं विचारून काही हाती लागत नाही. किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, ते विचारावं, असा तिचा आग्रह. आपल्याकडच्या मुलाखती मात्र याच चुकीच्या प्रश्नांवर चालतात. ‘नीट बघाल ना?’ ‘चिडणार नाही ना?’ यावर ठरलेल्या ‘हो’-‘नाही’शिवाय कोण काय म्हणणार? मी शिकवते, की प्रश्न पोकळ असला तरी उत्तर भरीव द्या. ‘चिडणार नाही ना?’ला ‘नाही’ म्हणून थांबू नका. ‘आजी त्याच त्या गोष्टी विचारत राहिल्या तर मी दर वेळी उत्तर देते. मी त्यांच्या बांगड्या चोरल्या असं म्हणाल्या तर वाद घालत नाही. आपण शोधू या म्हणते आणि तुम्हाला कळवते. त्यांच्या अंगावरचे दागिने मात्र पहिल्याच दिवशी तुम्ही काढून ठेवा.’ स्मृतिभ्रंशाचा पेशंट सांभाळणारीवर चोरीचा आळ कधी येईल सांगता येत नाही. दागिन्यांचं ते शेवटचं वाक्य बोलायला बायका कचरतात, तरी मी ते बोलायला लावते.

सगळ्यात अवघड तयारी ‘नाही’ म्हणायची. घरचे सहज विचारतात, ‘इंजेक्शन देता ना? सलाईन लावता?’ नर्सला बोलावलं की वेगळे पैसे पडतात, म्हणून. उत्तर असं हवं: ‘नाही, ते सिस्टरचं काम. राईल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातल्या नळीतून, फीड देते. डोक्याकडची बाजू उंच करून, आणि दिल्यावर लगेच आडवं करत नाही. पण नळी निघाली तर परत घालणार नाही. फीड थांबवीन आणि फोन करीन.’ यावर कधी कधी घर हातचं जातं. खोलीचं भाडं थकलेल्या बाईला असं ‘नाही’ म्हणायला सांगणं मला सोपं आहे, हे मला कळतं. पण जनगणनेने २०११ सालीच देशात ६० वर्षांपुढची माणसं १० कोटींहून जास्त मोजली होती. काम मिळत राहतं. चांगलं घर मिळणं अवघड असतं, आणि ते ओळखायला हाच प्रश्न उपयोगी पडतो.

घर ओळखायचं म्हणजे आपणही विचारायचं. चोवीस तासांची ड्युटी असेल तर झोपायचं कुठे? रात्री कितीदा उठावं लागतं? उचलायला दुसरं कोणी आहे का? सुट्टीच्या दिवशी बदली बाई कोण आणणार? पगार कोणत्या तारखेला, ब्युरो त्यातून किती कापणार? ‘थोडा स्वयंपाक करशील ना’ म्हणजे पेशंटची पेज की घरभराच्या पोळ्या? आजोबांच्या आंघोळीच्या वेळी घरातला कोणी पुरुष मदतीला असेल का? लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने राहतं घरही कामाची जागा मानलं आहे आणि घरकामगार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे मी प्रत्येकीला सांगते. घरच्यांच्या एका प्रश्नाला मात्र माझ्याकडे तयार उत्तर नाही. ‘आडनाव काय?’ हा प्रश्न कामाबद्दल नसतो, हे सगळ्यांना कळतं. आडनाव ठामपणे सांगा आणि समोरच्याचा चेहरा बघा, एवढंच म्हणते. राहायचं की नाही, हे तुम्हालाही ठरवायचंय.

‘नाही’साठी मी इतकी अडून का बसते? या कामात चुका होतात. चूक लपवली जाते तेव्हा माणूस दगावतो. रात्री तीन वाजता आजी बाथरूममध्ये घसरल्या. वरून काही दिसत नाही, त्याही ‘काही नाही गं’ म्हणतात. बाईने सकाळपर्यंत तोंड उघडलं नाही तर खुब्याचं हाड मोडलेलं कळायला दोन दिवस जातात. ‘सगळं येतं’ म्हणून घरात शिरलेल्या बाईला त्या तीन वाजता खरं बोलणं फार जड जातं, कारण तिने स्वतःला चुकायची जागाच ठेवलेली नसते. जिने पहिल्या भेटीत ‘हे मला जमत नाही’ म्हटलं आणि तरीही जिला कामावर ठेवलं, तिला फोन उचलून ‘आजी पडल्या’ म्हणणं त्या मानाने सोपं जातं.

म्हणून मुलाखत घेणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. आईसाठी बाई ठेवताना एक तरी प्रश्न असा विचारा, ज्याचं बरोबर उत्तर ‘नाही’ आहे. ते उत्तर मिळालं तर नाराज होऊ नका. पगाराचं आणि सुट्टीचं बोलणं तिथूनच सुरू करा.