कोळी दोन, औषध एकाचंच

परवा पुतण्यानं मोबाईलवर फोटो पाठवला. "आप्पा, आंब्यावर कोळी आलाय. दुकानदार कोळीनाशक देतो म्हणतोय. आणू का?" फोटोत मोठं गोल जाळं, मधोमध कोळी. म्हणलं थांब, आलोच.

घोटाळा नावाचा आहे. पुस्तकात 'लाल कोळी' लिहितात ती कीड. टाचणीच्या डोक्याहून बारीक, पानामागं बसून रस पिते. वांगी, डाळिंब, द्राक्षवाल्यांना ती चांगली माहीत आहे. पाय तिलाही आठ, बारीक जाळंही करते, म्हणून शिकलेली माणसंही फसतात. कोळीनाशक तिच्यासाठी. फोटोतला कोळी शिकारी आहे. किड्यात विष सोडतो, आतलं पातळ करून शोषून घेतो. पानाला त्याच्यापासून काही धोका नाही.

तेरणाकाठी धुई पडली की सकाळी जाळ्यांवर दव बसतं, तेव्हा कळतं बागेत किती आहेत ते. पण खरे कामाचे पुष्कळसे जाळं विणतच नाहीत. एक उडी मारून धरतो. एक हिरवा, पायावर काटे असलेला, मोहोरात दबा धरून बसतो. तुडतुड्याची पिल्लं मोहोराचा रस पितात, चिकटा सोडतात, त्यावर काळी बुरशी धरते. ती पिल्लं याच्या तावडीत सापडतात. (बांधावरच्या बाभळीला मळकट पिशवीसारखं जाळं दिसतं ना, तिथले कोळी घोळक्यानं राहतात. त्यांची पिल्लं शेवटी आईलाच खातात. बांध पेटवताना तेवढं झाड सोडा.)

कोळी काही आपला सालगडी नाही. मधमाशी, मोहोरावरची माशी, ढालकिडा, सापडेल ते खातो. आणि तुडतुड्याच्या वेगानं वाढत नाही. त्यामुळं तुडतुडे उधळले तर त्याच्या भरवशावर बसता येत नाही, फवारावंच लागतं. पण सायपरमेथ्रिनसारखं औषध उगीच मारलं तर आधी हे शिकारी जातात, आणि लाल कोळीला खाणारेही जातात. मग ती कीड जास्तच माजते. म्हणजे परत दुकान.

पुतण्याची काळजी खोटी नाही. साठ झाडं आहेत, पोरीच्या कॉलेजची फी त्यावरच आहे. मोहोर गेला तर वर्ष गेलं. म्हणून नुसतं तोंडानं न सांगता पांढरं धोतर धरलं आणि वेगवेगळ्या झाडांचे दहा तुरे झटकले. तुडतुडे अकरा, कोळी सहा. एका तुऱ्यावर चार-पाचाच्या पुढं गेले तर फवारायचं, असं धरून चालतो आम्ही. इथं सरासरी एकच निघाला. आज फवारणी नाही.

सुनबाईचा अजून विश्वास नाही. "कोळ्यावर पोरीची फी सोडायची का?" म्हणाली. तिचंही खरं आहे. दर चार दिवसांनी तेच धोतर घेऊन मोजायचं ठरलंय, तीही येणार आहे. आकडे इथं टाकतो. तुमच्या मोहोरात तो हिरवा, काटेरी पायांचा दिसला तर फोटो पाठवा, पण पंप भरायच्या आधी.