उभी गाडी बॅटरी खाते तेव्हा

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या दारात इलेक्ट्रिक गाडी उभी आहे किंवा ज्यांच्या घरात ती घ्यायची चर्चा चालू आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. यात माझीही एक चूक कबूल करायची आहे.

आम्ही राहतो कराडला. धाकट्या भावाने दीड वर्षापूर्वी कर्ज काढून मालवाहतुकीची इलेक्ट्रिक तीनचाकी घेतली. पहाटे मार्केटला जायचं, भाजी भरायची, दुकानादुकानांत पोचवायची. डिझेलपेक्षा खर्च कमी, त्यामुळे हप्ता निघत होता. सगळं छान चाललं होतं.

जुलैमध्ये चुलते गेले. सगळं घर पाटण तालुक्यातल्या गावी गेलं ते तेरावा उरकूनच परत आलं. निघताना बॅटरी तीस टक्क्यांवर होती. मीच भावाला म्हणालो, "चार्जिंगला लावून ठेव, आल्यावर भरलेली मिळेल." त्याने लावली.

तेरा दिवसांनी परत आलो तर गाडी ठार. चावी फिरवली तर डॅशबोर्डचा दिवासुद्धा लागेना. शेडमध्ये बघितलं तर एमसीबी पडलेला. पहिल्याच रात्रीच्या पावसात पडला असणार. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी टोचन करून नेली आणि दोन दिवसांनी निरोप दिला, "बॅटरी डीप डिस्चार्ज झालीय. चार्ज न करता ठेवली, हा तुमचा हलगर्जीपणा. वॉरंटीत बसत नाही." वर ऐकवलं, "धंद्याची गाडी आहे, ग्राहक मंचाचं नाव घेऊ नका."

आता माझी चूक. मी भावालाच बोललो. सगळ्यांसमोर. "स्विच चालू आहे का एवढंही बघता येत नाही का तुला?" तो एवढंच म्हणाला, "दादा, मी लावली होती." आणि गप्प बसला. त्याच्या हप्त्याची तारीख चार दिवसांवर होती.

मी स्वतः आयटीआयचा वायरमन. राग उतरल्यावर डोक्यात हिशोब सुरू झाला. बॅटरी 7 युनिटची. तीस टक्के म्हणजे 2 युनिट शिल्लक. लिथियम बॅटरी नुसती पडून राहिली तर तेरा दिवसांत फारशी उतरत नाही. मग हे 2 युनिट खाल्ले कोणी?

आमच्या गल्लीत टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले एक काका आहेत. बॅटऱ्यांमध्येच आयुष्य गेलेला माणूस. गाडी परत आल्यावर त्यांनी मीटर लावला. एमसीबी पाडला, वायर गाडीत खोचलेली ठेवली. मीटरवर 0.2 अँपिअर. तेही उलट्या दिशेने, बॅटरीकडून चार्जरकडे! वायर गाडीतून उपसली, काटा शून्यावर. पुन्हा खोचली, पुन्हा 0.2.

काकांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. चार्जर गाडीतच बसवलेला असतो, त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. घरातल्या एसी विजेचं डीसी करून तो बॅटरीला देतो. आमच्या गाडीत चार्जिंगच्या तोंडाशी एक छोटं बटण आहे. वायर खोचली की ते दाबलं जातं, आणि चार्जर रिलेमार्फत बॅटरीला जोडला जातो. पण भिंतीतून वीज येतेय की नाही, हे तो रिले बघतच नाही! वीज गेली तरी चार्जर जोडलेलाच. मग त्याचं कंट्रोल बोर्ड, त्याचे दिवे आणि जागं राहिलेलं बीएमएस, सगळी मंडळी बॅटरीतूनच जेवत बसतात.

0.2 अँपिअर गुणिले 48 व्होल्ट, म्हणजे साधारण 10 वॉट. घरातल्या एका साध्या एलईडी बल्बएवढं. पण चोवीस तासांत होतं पाव युनिट. आठ-नऊ दिवसांत 2 युनिट साफ. उरलेले चार दिवस बॅटरीची हाडं चघळली गेली.

तुम्ही म्हणाल, बॅटरी फार उतरली की बीएमएस तोडतं ना? तोडतं, पण मोटरकडची वाट. आमच्या गाडीत चार्जरकडची वाट उघडीच राहिली. पुढच्या दाराला वॉचमन आणि मागचं दार सताड उघडं, अशातली गत.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही, की भावाने वायर लावलीच नसती तर गाडी सुरू झाली असती. काळजी घेतली म्हणून बॅटरी मेली. आणि हलगर्जीपणाचा शिक्का त्याच्यावरच.

हे टाळणं अवघड आहे का? अजिबात नाही. रिले वायर बघून नाही, तर एसी वीज बघून जोडला जावा. उलटा प्रवाह अडवायला डायोड बसवता येतो. तो तापतो आणि थोडी वीज खातो हे खरं, पण मॉसफेट वापरले तर तेही नुकसान फार कमी होतं. चार्जिंगचा करंट दहा मिनिटं आला नाही तर बीएमएसने सगळं तोडून झोपी जावं, हे तर सॉफ्टवेअरचं काम. टाइप-2 गन लागणाऱ्या गाड्यांत वायर खोचल्याची खूण वेगळी आणि समोरचा चार्जिंग पॉइंट तयार असल्याची खूण वेगळी असते. म्हणजे हे ज्ञान जगाला आहे. स्वस्त गाडीपर्यंत ते पोचवलं जात नाही.

आता सार्वजनिक प्रश्न. पीएम ई-ड्राइव्ह ही 10,900 कोटींची योजना आहे, राज्याचंही धोरण आहे. हा आपला पैसा. तीनचाकीच्या बॅटरीसाठी एआयएस-156 हे मानक आहे, त्यात अतिडिस्चार्जपासूनच्या संरक्षणाची चाचणीही आहे. पण उभी गाडी रोज किती वीज खाते, हा आकडा आमच्या माहितीपुस्तिकेत कुठेच नाही. फ्रिज घेताना आपण वर्षाची युनिटं स्टिकरवर वाचतो. युरोपात घरगुती उपकरणांना बंद अवस्थेत 2010 पासून 1 वॉटची आणि 2013 पासून अर्ध्या वॉटची मर्यादा आहे. मग लाखोंच्या गाडीवर हा आकडा का नसावा? वायर खोचलेली आणि वीज गेलेली, या अवस्थेतला आकडा तर हवाच. आपल्याकडे वीज जाणं हा अपवाद आहे का?

तोवर आपण काय करायचं:

1. चार्जिंग झालं की वायर गाडीच्या बाजूनेही काढा. नुसता भिंतीवरचा स्विच बंद करून भागत नाही.

2. गावाला जाताना गाडी चार्जिंगला लावून जाऊ नका. बॅटरी अर्ध्याच्या वर ठेवा, वायर काढा, दोन आठवड्यांनी कोणाला तरी बघायला सांगा.

3. चारचाकीवाल्यांनी 12 व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नये. 45 अँपिअर-तासाच्या बॅटरीतून 50 मिलिअँपिअर गेले तर महिनाभर निघतो. गाडी झोपलीच नाही आणि 1 अँपिअर खात राहिली तर दोन दिवसांत खेळ खलास, मोठी बॅटरी भरलेली असली तरी!

4. पूर्ण मेलेली लिथियम बॅटरी गल्लीतल्या चार्जरने 'उठवायला' जाऊ नका. फार खाली उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना आत शॉर्ट होऊ शकतो. आगीशी खेळ आहे तो.

5. 'धंद्याची गाडी म्हणजे ग्राहक नाही' हे ऐकून घेऊ नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहकाच्याच हक्कात येते. सदोष डिझाइनची जबाबदारीही उत्पादकावर आहे. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही. हेल्पलाइन 1915.

आमची बॅटरी त्यांनी हळूहळू चार्ज करून चालू केली, पैसे घेऊन. पण पूर्वी शंभर किलोमीटर चालणारी गाडी आता सत्तरीला दम टाकते. मीटरचा व्हिडिओ आणि बिलं जोडून तक्रार तयार केलीय, या आठवड्यात दाखल करतोय. जे होईल ते इथेच कळवीन.

भावाची माफी मी घरात मागितली. पण बोललो होतो सगळ्यांसमोर, म्हणून इथेही लिहितो. तू लावली होतीस रे. चूक तुझी नव्हती.

तुमच्या गाडीचं असं काही झालं असेल तर कमेंटमध्ये लिहा. एकट्याच्या तक्रारीला 'हलगर्जीपणा' म्हणता येतं, पन्नास जणांच्या तक्रारीला नाही.