पडद्यावरील चूल

शाळेच्या वार्षिकांत चित्रपटांवर लेख यावा, हें कित्येक पालकांस चमत्कारिक वाटेल. मुलें आधींच मोबाईलच्या पडद्याला डोळे चिकटवून बसतात. त्यांत आणखी ही भर कशाला, असा प्रश्न ते विचारतील, आणि तो अगदींच अनाठायीं आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु संपादकांनीं आग्रह केला, आणि ज्याला ज्या विषयाचें वेड त्यानें त्यावर बोलण्याची संधि सोडावी असें शास्त्र कोठें आढळत नाहीं. प्रस्तुत लेखक टीकाकार नव्हे. चित्रपटाच्या धंद्याशीं त्याचा तिकिटाचे पैसे देण्यापलीकडे संबंध नाहीं. गेलीं तीस-पस्तीस वर्षें मिळेल तो मराठी चित्रपट पाहावा, पाहून झाल्यावर घरच्यांशीं वाद घालावा, आणि जमल्यास तोच पुनः पाहावा, एवढीच काय ती त्याची योग्यता.

माझ्या परिचयाच्या वडीलधाऱ्यांत आणि मुलांत या विषयावर नेहमीं एकच भांडण चालतें. वडील म्हणतात, चित्रपट होते ते प्रभातच्या काळीं. मुलें म्हणतात, ते संथ, रडके आणि रंगहीन चित्रपट तुम्हांला पाहवतात तरी कसे? या भांडणांत मला कोणाचीच बाजू घेतां येत नाहीं. पंचांग पाहून चित्रपटाची पारख करण्याची रीत मला मान्य नाहीं. माझ्याजवळ एक वेगळें माप आहे. पडद्यावर कोणी थोर पुरुष थोर कृत्य करीत असतां त्याच्या घरची चूल कोण पेटवितें, हें दिग्दर्शकाला दिसलें आहे कीं नाहीं, तेवढें मी पाहतों. हें माप मीं शोधून काढलेलें नव्हे. तें माझ्या आईचें आहे.

'संत तुकाराम' हा बोलपट प्रभात फिल्म कंपनीनें १९३६ सालीं काढला. दिग्दर्शन दामले व फत्तेलाल या जोडीचें. पैकीं दामले ध्वनिलेखनांत निष्णात, तर फत्तेलाल कलादिग्दर्शनांत. तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनीं केली. रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठीं ओळखले जाणारे हे गृहस्थ संताच्या वेषांत शोभतील काय, अशी शंका त्या वेळीं घेतली गेली होती. चित्रपट लागल्यावर मात्र लोकांच्या मनांत तुकोबा म्हणजे पागनीस असें समीकरणच होऊन बसलें. मुंबईंत एकाच चित्रगृहांत तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवांत त्याचा गौरव झाला. ही सर्व कीर्ति मीं मागाहून वाचली. पहिल्यानें तो पाहिला तेव्हां मी तुमच्याच वयाचा होतों. दूरचित्रवाणीवर तो लागला होता आणि आमचें सारें घर त्यापुढें बसलें होतें.

माझे वडील भजनी मंडळांत पखवाज वाजवीत. आठवड्यांतून तीन रात्री ते घरीं नसत. माणूस अत्यंत सज्जन. पण घरांत डाळ आहे कीं संपली, हें त्यांस कधीं ठाऊक नसे. तें आईला ठाऊक असे. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे शिवून आमची फी भरी. चित्रपट पाहतांना वडिलांचे डोळे तुकोबांवर खिळले होते, हें सांगावयास नकोच. आई पाहत होती ती आवलीकडे. शेवटीं गरुडाचें विमान येऊन तुकोबा वैकुंठास निघाले, वडिलांनीं हात जोडले, आणि आई अगदीं सहज म्हणाली, "त्याला न्यायला विमान आलं. पण उद्या सकाळी पोरांना काय घालायचं, हे हिनंच बघायचं ना?" कोणी कांहीं बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे नळाचें पाणी वडिलांनीं भरलें, एवढें मला पक्कें आठवतें.

त्यानंतर हा चित्रपट मीं किती वेळां पाहिला याची गणती नाहीं, आणि दर वेळीं आईचेंच म्हणणें खरें वाटत आलें. आवलीचें काम करणारी गौरी ही कांहीं नामांकित नायिका नव्हती. प्रभातच्या चित्रपटांतून किरकोळ कामें करणाऱ्यांपैकीं ती एक. पण पडद्यावर तिचें बोलणें, कमरेला पदर खोचणें, चिडणें आणि क्षणांत विरघळणें यांत नटवेपणाचा लवलेश नाहीं. मूल तापानें फणफणलें असतां ती त्याला घेऊन, हातीं पायतण घेऊन, थेट देवळांत शिरते आणि पांडुरंगालाच जाब विचारते. शिवाजीमहाराजांकडून नजराणा येतो, तेव्हां तीं वस्त्रें आणि ते दागिने मुलांच्या अंगावर चढवून पाहतांना तिचा चेहरा कसा फुलतो! आणि लगेच तुकोबा तें सर्व परत धाडतात. त्या क्षणीं तुकोबांचें वैराग्य किती मोठें, हें आपल्याला कळतें तें आवलीच्या पडलेल्या चेहऱ्यावरून. अखेरीस पति वैकुंठास चल म्हणतो, तर ही संसार टाकून निघावयास तयार नाहीं.

माझें मत असें आहे कीं, दामले-फत्तेलालांचें विमान आपण खरें मानतों, तें त्यांनीं आधीं चूल खरी दाखविली म्हणून. पिठाचा डबा रिकामा आहे, हें ज्या चित्रपटांत खरें वाटतें, त्यांतला चमत्कारहि खरा वाटतो. अलीकडे तलवारींच्या खणखणाटाचे आणि केशरी धुळीचे जे ऐतिहासिक चित्रपट मोठ्या खर्चानें निघतात, त्यांत संगणकानें गड उभारतात, हत्तीघोडे उभे करतात. पण त्या हजारों मावळ्यांनीं सकाळीं काय खाल्लें, आणि तें कोणीं रांधलें, याचा पत्ता नसतो. म्हणून तो गडहि मला खरा वाटत नाहीं. मुलांना हें म्हणणें आवडणार नाहीं, याची जाणीव आहे.

जुने चित्रपट रडके असतात, या आक्षेपाला माझें उत्तर म्हणजे व्ही. शांताराम यांचा 'कुंकू', साल १९३७. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. पोरक्या नीरेचें लग्न फसवून एका वयोवृद्ध विधुर वकिलाशीं लावून देतात. त्या काळच्या रीतीप्रमाणें तिनें नशिबाला बोल लावून रडत बसावयाचें. ती रडत नाहीं. ती हें लग्न मानावयासच नकार देते, आणि त्याच घरांत ताठ मानेनें राहते. शांता आपटे यांनीं ही भूमिका अशी केली आहे कीं, आजच्या मुलींनाहि ती आपल्यांतलीच वाटावी. या बोलपटांत पार्श्वसंगीत नाहीं. घरांतले नैसर्गिक आवाज तेवढे आहेत. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक तर त्या म्हाताऱ्या नवऱ्याचेंच आयुष्य मोजीत असते. दुष्ट म्हणून ज्याला सहज सोडून देतां आलें असतें, त्या काकासाहेबांवरहि दिग्दर्शकानें अन्याय केलेला नाहीं. केशवराव दाते यांनीं त्या म्हाताऱ्याची लाज आणि हळूहळू होणारी जागृति इतक्या संयमानें दाखविली आहे, कीं शेवटीं तो आपला जीव देऊन नीरेला मोकळें करतो तेव्हां आपल्याला त्याचीहि कींव येते. मला मात्र तो शेवट आजहि खटकतो. नीरेचा नकार न्यायाचा होता. तिला मोकळें होण्यासाठीं कोणाच्या मरणाची गरज कां पडावी? १९३७ सालच्या समाजाला याहून दुसरी वाट दिसत नव्हती, असें म्हणून मी गप्प बसतों. पण समाधान होत नाहीं.

'श्यामची आई' विषयीं थोडक्यांत. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनीं १९५३ सालीं तो काढला, वनमाला यांनीं आई उभी केली, आणि १९५४ सालीं राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षीं त्याला राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें. २०२३ सालीं सुजय डहाके यांनीं तीच कथा पुनः, आणि मुद्दाम कृष्णधवल रंगांत, पडद्यावर आणली. दोन्ही पाहावेत. आईच्या उपदेशांनीं आपले डोळे भरून येतात, त्यापेक्षां सावकारी कर्जानें पिचलेल्या घरांत ती स्वाभिमान कसा राखते, तिकडे मुलांनीं अधिक लक्ष द्यावें, इतकेंच माझें सांगणें.

या सुवर्णपदकानंतर तो सर्वोच्च राष्ट्रीय मान पुनः मराठीला मिळावयास जवळजवळ अर्धें शतक जावें लागलें. संदीप सावंत यांच्या 'श्वास'नें २००४ सालीं तो आणला. कोकणांतला परशुराम नांवाचा लहानगा. त्याच्या डोळ्यांना कर्करोग. शस्त्रक्रियेनें जीव वांचेल, पण दृष्टि जाईल. येथें चुलीपाशीं बाई नाहीं. सारा भार वाहणारे आहेत आजोबा. तेव्हां माझें माप कांहीं केवळ बायकांपुरतें नव्हे. शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, आणि इस्पितळांतून कोणासहि न सांगतां आजोबा नातवाला घेऊन बाहेर पडतात. कां, तर पुढें जें दिसणार नाहीं तें एकदां डोळे भरून पाहून घेऊं दे. इस्पितळांत धांवपळ उडते. नियमानें पाहिलें तर म्हाताऱ्याचें चुकलेंच. पण अरुण नलावडे यांचा तो चेहरा पाहिल्यावर नियम सांगण्याचें धैर्य कोणाला होईल?

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' मला याच्याच शेजारीं ठेवावासा वाटतो. बर्लिनच्या महोत्सवांत २०१४ सालीं त्याला मुलांच्या परीक्षकमंडळाचें पारितोषिक मिळालें, म्हणजे तुमच्याच वयाच्या मुलांनीं तो निवडला. वडील वारलेला चिन्मय आईच्या बदलीमुळें पुणें सोडून कोकणांत येतो. नवी शाळा, नवे मित्र, पाऊस, समुद्र, आणि भर पावसांत मित्र किल्ल्यावर एकटा टाकून गेल्याची जखम. मुलें हें सर्व पाहतील आणि त्यांना तें आवडेल. माझी विनंति एवढीच कीं, अमृता सुभाष यांनीं उभी केलेली आईहि पाहा. कचेरींत तिच्यावर दडपण येतें, घरीं मुलगा अबोला धरतो, आणि दोन्हींची तक्रार करावयास तिला माणूस नाहीं.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ची (२०१३) गोष्ट वेगळी. त्यांतला जब्या शाळेंत जाणारा मुलगा. घरचा धंदा डुकरें पकडण्याचा. बहिणीच्या लग्नासाठीं पैसा हवा, म्हणून बाप गांवचें काम अंगावर घेतो आणि शाळेच्या भिंतीलगत, जब्याच्या वर्गमित्रांदेखत, सारें कुटुंब डुकरामागें धांवतें. मुलें हसतात. एवढ्यांत शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें, आणि तें थकलेलें कुटुंब जागच्या जागीं ताठ उभें राहतें. या दृश्यावर मीं कोठेंहि बोलूं लागलों कीं माझा आवाज बसतो. शाळेंत शिकणाऱ्या प्रत्येकानें तें पाहावें. भिंतीच्या आंतून नव्हे, बाहेरून. त्याच दिग्दर्शकाचा 'सैराट' (२०१६) गाण्यांमुळें घरोघरीं पोहोंचला. लोक पूर्वार्धांत नाचले. मला उत्तरार्ध मोलाचा वाटतो, कारण पळून गेलेल्या त्या दोघांना परमुलुखांत स्वयंपाक, भाडें आणि मजुरी यांशीं गांठ पडल्यावर प्रेमाची खरी परीक्षा सुरू होते. लहान मुलांनीं मात्र तो पाहूं नये. शेवट झेपणार नाहीं.

अगदीं अलीकडचा म्हणून जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' सांगतों; आपल्याकडील चित्रगृहांत तो २०२५ सालीं लागला. विदर्भांतलें एक खेडें, कापूस पिकविणारा बाप, आणि शिकूं पाहणारी मुलगी सविता. पाहुणे येतात, नांव काय, शिक्षण किती, उंची किती, तेच प्रश्न, तीच मान खालीं घालून दिलेलीं तींच उत्तरें. पुढें दुसरे पाहुणे, पुनः तेंच. चित्रपटाच्या आरंभीं स्वप्नांत हेंच उलटें घडतें: बायका बसल्या आहेत आणि नवरामुलगा उत्तरें देतो आहे. चित्रगृहांत त्या वेळीं जो हंशा पिकला, तो पुढें पुढें विरत गेला. नीरेचा 'नाहीं' आणि सवितेचें मौन यांमध्यें जवळजवळ नव्वद वर्षांचें अंतर आहे, हें ध्यानांत आलें म्हणजे 'जुनें' आणि 'नवें' हे शब्द वापरतांना माझी जीभ अडखळते.

आतां राहिली एका वादाची हकीकत. दादासाहेब फाळके यांनीं मुंबईंत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला, त्या ध्यासानें १९१२ सालीं लंडन गांठून तंत्र हस्तगत केलें, आणि 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लावला. तारामतीच्या भूमिकेसाठीं बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहांतील साळुंके नांवाच्या आचाऱ्याला लुगडें नेसविलें. इकडे खरी बाई, सरस्वतीबाई फाळके, सर्व मंडळींचा स्वयंपाक करीत होती, अंगावरचे दागिने देत होती, आणि रात्रीं जागून कोऱ्या फितीच्या कडांना भोकें पाडीत होती. परेश मोकाशी यांनीं २००९ सालीं 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटांत ही कथा मोठ्या खेळकरपणें सांगितली आहे. चित्रपट गोड आहे. पण घरांतलें सामान विकलें जात असतां त्यांतली सरस्वती इतकी हंसतमुख कशी, असें मीं आमच्या पुतणीपाशीं म्हटलें. ती यंदा नववींत आहे. ती म्हणाली, "काका, तिलाही तो सिनेमा करायचा असेल. फक्त फाळक्यांनाच वेड लागलं होतं, असं तुम्ही का धरून चालता?"

या प्रश्नाला मजजवळ तयार उत्तर नाहीं. भोकें पाडणारे ते हात दमले असतील, हें माझें म्हणणें मीं सोडलेलें नाहीं. त्या हातांना त्या कामाचा अभिमानहि असेल, हें तिचें म्हणणें ती सोडीत नाहीं. सुट्टी लागली कीं आम्ही दोघें तो चित्रपट पुनः पाहणार आहों, आणि जागोजागीं थांबवून सरस्वतीबाईंचा चेहरा तपासण्याचें ठरलें आहे.