जे हलत नाही, त्याला वायर

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मला येणाऱ्या फोनांतलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं : “अहो, नेट गेलंय बघा, काउंटरला गिऱ्हाईक खोळंबलंय.” कापडाचं दुकान असो, औषधांची एजन्सी असो की पतसंस्था, दोष कोणाचा हे फोन करणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं : इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यात लहान व्यवसायांची नेटवर्कं उभी करणं आणि बिघडलेली दुरुस्त करणं हे माझं काम. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. रस्त्यावरून दुकानापर्यंत येणारी फायबर आता बऱ्यापैकी भरवशाची झाली आहे. घात होतो तो दारापासून काउंटरपर्यंतच्या शेवटच्या चाळीस-पन्नास फुटांत, आणि तेवढे फूट पूर्णपणे मालकाच्या हातात असतात.

हे पडताळून पाहायला माझ्यासारख्याची गरज नाही. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर कमांडची काळी खिडकी उघडा आणि आधी आपल्याच राउटरला पिंग करा, म्हणजे हाक मारून त्याचं उत्तर येतं का ते पाहा. त्याचा पत्ता राउटरच्या तळाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ सारखा. वायरवरच्या कॉम्प्युटरला एक-दोन मिलिसेकंदांत, एकही खाडा न पडता उत्तर मिळायला हवं. मग बाहेरचा एखादा पत्ता, उदाहरणार्थ गूगलचा ८.८.८.८, पिंग करा. राउटर नीट उत्तर देतो आणि बाहेरून काहीच येत नाही, तर खुशाल कंपनीकडे तक्रार करा. राउटरच अडखळत असेल तर दुखणं घरातलं आहे आणि कंपनीचा माणूस आला तरी त्याच्या हातात काही नाही.

वायर की वायफाय हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनलं रेडिओलहरींनी एका मोठ्या संगणकाला जोडली. त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. ज्याला वाटेल त्याने संदेश पाठवायचा. दोन संदेश एकमेकांवर आदळले तर थोडं थांबून पुन्हा पाठवायचा. युक्ती सुंदर होती, पण गर्दी वाढली की टकरा वाढत. या पद्धतीत वाहिनीची जास्तीत जास्त १८ टक्के क्षमता कामी येते, हे गणिताने दाखवता येतं. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी हीच कल्पना केबलमध्ये आणली, बोलण्याआधी कानोसा घेण्याचा नियम तिला जोडला आणि त्यातून इथरनेट उभं राहिलं. ज्या तंत्रावर आज प्रत्येक दुकानाची लॅन, म्हणजे आतलं नेटवर्क, चालते, ते असं हवेतून वायरीत आलेलं आहे. पुढे स्विच आले, प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःची स्वतंत्र जोडणी मिळाली आणि वायरीतल्या टकरा संपल्या. वायफायचं पहिलं मानक १९९७ मध्ये आलं, तेव्हा हवा मात्र पूर्वीसारखीच सगळ्यांत सामायिक राहिली.

सामायिक हवेचा अर्थ असा, की एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचं. ग्रामसभेत एकच माइक हातोहात फिरावा तसा हा प्रकार. अडखळत बोलणारा कोणी माइक धरून बसला की बाकीचे ताटकळतात. गोदामाच्या कोपऱ्यात, रेंजच्या कडेवर बसून कोणी जुन्या मोबाइलवर व्हिडिओ पाहतो तेव्हा हेच घडतं. त्याचा वेग कमी, म्हणून तेवढीच माहिती न्यायला तो हवेतला कितीतरी जास्त वेळ खातो आणि राउटरच्या शेजारी असलेलं बिलिंगही रेंगाळतं. वायफाय ६ मध्ये एका फेरीत अनेकांना थोडी थोडी जागा वाटून देता येते, पण हवा सामायिक ती सामायिकच. शिवाय शेजाऱ्यांचे राउटरही त्याच हवेत असतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ वाहिन्या आहेत, पण एकमेकींवर न चढणाऱ्या तीनच : १, ६ आणि ११. कोल्हापुरातल्या महाद्वार रोडसारख्या भर बाजारपेठेत फोनवर वायफायची यादी उघडा. तीत दिसणारी सगळी दुकानं याच तीन वाहिन्यांत दाटीवाटीने बसलेली असतात. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जागा पुष्कळ आणि वेगही जास्त, पण त्या लहरी भिंतीपुढे लवकर दमतात.

आणि आपल्याकडच्या भिंती साध्या नसतात. जुन्या वाड्यातली दीड-दोन फुटी दगडी भिंत वायफाय जवळपास गिळून टाकते. साड्यांच्या दुकानातले छतापर्यंतचे आरसे आणि एमआयडीसीतली पत्र्याची शेड लहरी परतवून लावतात. स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात तर डबे-पातेल्यांच्या प्रत्येक मांडणीवरून त्या फेकल्या जातात, आणि दोन पावलं सरकलं की रेंज बदलते. अशा ठिकाणी मालक राउटरच्या खोक्यावरचा १८०० हा आकडा मला दाखवतात. तो दोन्ही पट्ट्यांच्या कागदावरच्या कमाल वेगांची बेरीज असतो, कुठल्याही एका फोनला तो कधीच मिळत नाही. मग कोणी रिपीटर आणून लावतं. बहुतेक स्वस्त रिपीटर ज्या वाहिनीवर ऐकतात तिच्यावरच ते पुन्हा बोलून दाखवतात, म्हणून रेंजच्या काड्या वाढतात आणि वेग निम्म्यावर येतो. खरा उपाय म्हणजे प्रत्येक मजल्यावर छताला एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) आणि त्या प्रत्येकापर्यंत ओढलेली केबल. चांगलं वायफाय पाहिजे असेल तर आधी चांगली वायर लागते.

म्हणून माझा नियम साधा आहे. जे हलत नाही, त्याला वायर : बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, टॅलीचा सर्व्हर, ॲक्सेस पॉइंट. जे हलतं, त्याला वायफाय : मोबाइल, टॅब, हातातला स्कॅनर, गिऱ्हाइकांचे फोन, आणि त्या फोनांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क. एवढी विभागणी केली की हवेतली गर्दी आपोआप ओसरते.

आता त्या वायरीबद्दल. लॅनच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला वेगळ्या मापाचा पीळ. पिळाची कल्पना टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची, १८८१ च्या पेटंटातली. जोडीतल्या दोन तारांतून एकच संदेश उलटसुलट रूपात जातो. बाहेरचा गोंगाट, मग तो मोटरचा असो की वेल्डिंगचा, पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजाबाकीत निघून जातो. केबलची खरी राखण हा पीळ करतो. म्हणून कनेक्टर लावताना तो अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. घाईतला वायरमन मात्र सोय म्हणून दोन-दोन इंच सरळ करतो आणि लखलखीत कनेक्टर बसवून निघून जातो.

रंगांचा क्रमही ठरलेला आहे : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी येते ती मुद्दाम. “दोन्ही टोकांना रंग सारखे असले की झालं” असा एक समज आमच्या धंद्यात फार पसरला आहे. इचलकरंजीच्या एका सूतव्यापाऱ्याच्या पेढीत गोदामाची लाइन अधूनमधून तुटायची. टेस्टर लावला तर आठही दिवे ओळीने लागत होते. कनेक्टर डोळ्यांजवळ धरून पाहिला. नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी, अशा तारा नीट एकाशेजारी एक बसवलेल्या आणि दुसऱ्या टोकालाही तशाच. दिसायला सुबक काम. पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर जी एक जोडी यायला हवी, तिथे एक तार हिरव्या जोडीची आणि दुसरी निळ्या जोडीची आली होती. पीळ असून नसल्यासारखा. अंतर कमी असतं तर हे खपून गेलं असतं; लांबच्या गोदामाला ते जमेना. दोन्ही कनेक्टर कापून नव्याने बसवले आणि लाइन सुरळीत झाली. दिव्यांचा टेस्टर तार तुटली आहे का एवढंच सांगतो. जोडीजोडीतली गळती मोजायला सर्टिफाय करणारं यंत्र लागतं. ते महाग असतं, पण भाड्याने मिळतं, आणि त्याचा छापील अहवाल मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

दुसरी फसगत धातूची. बाजारात ३०५ मीटरचे केबलचे बॉक्स मिळतात. त्यांतले काही संशयास्पद स्वस्त असतात आणि उचलल्यावर हलके लागतात. त्यातली तार ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा. खोक्यावर कुठेतरी बारीक अक्षरांत सीसीए लिहिलेलं असतं, काही वेळा तेही नसतं. ओळखायची रीत सोपी : ब्लेडने तार खरवडा, आत पांढरं दिसलं की बॉक्स परत करा. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट, आणि दोन-तीनदा वाकवलं की ते तुटतं. आजकाल कॅमेऱ्यांना आणि ॲक्सेस पॉइंटना वीजही याच केबलमधून देतात. २००३ च्या मानकाप्रमाणे एका पोर्टवरून १५.४ वॉट, २००९ च्या मानकाप्रमाणे ३०. मुलाम्याच्या तारेत वाटेतच दाब पडतो. “दिवसा कॅमेरा नीट चालतो, रात्री सारखा बंद पडतो” अशी तक्रार आली की माझा पहिला संशय तारेवर जातो. अंधार पडल्यावर कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, त्याला जास्त वीज लागते आणि तार ती पुरवू शकत नाही. मजुरी दोन्ही केबलींना सारखीच पडते. वाचतो तो केबलच्या किमतीतला थोडा फरक, आणि तो पहिल्या दुरुस्तीत निघून जातो.

अंतराचीही मर्यादा आहे : एका तुकड्याला १०० मीटर. त्यातले ९० भिंतीतले, १० दोन्ही टोकांच्या जोडतारांचे. ऑफिस आणि शेड अशा दोन इमारती जोडायच्या असतील तर अंतर कमी असलं तरी मी तांबं टाकत नाही. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळीव विजा घेऊनच येतो. जवळपास वीज पडली तरी तांब्याच्या तारेतून झटका येऊन दोन्हीकडचे पोर्ट जळतात. फायबर काचेची, तिच्यातून तो झटका जाऊच शकत नाही.

काही दुखणी मात्र केवळ माहितीअभावी होतात. टेबल पुसताना एक सुटी वायर दिसते, कोणीतरी चांगल्या हेतूने तिचं टोक रिकाम्या पोर्टात खोचतं. तिचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये असतं. माहिती गोल गोल फिरत राहते आणि काही क्षणांत सगळं ऑफिस ठप्प होतं. किंवा रेंज वाढावी म्हणून घरचा जुना राउटर आणून लॅनला जोडला जातो, तोही कॉम्प्युटरांना पत्ते वाटू लागतो, आणि अर्ध्या टेबलांचं इंटरनेट चालतं, अर्ध्यांचं नाही. दोन्ही दुखणी शोधायला वेळ लागतो तो एकाच कारणाने : कुठली वायर कुठे जाते हे कोणालाच ठाऊक नसतं. दोन्ही टोकांना सारखा नंबर, भिंतीवर सगळ्या वायरी एकत्र आणणारं पॅच पॅनेल आणि एक कागदी नकाशा एवढं असलं तर तासांचं काम मिनिटांवर येतं.

विजेचा विचारही सोबतच करावा. कॉम्प्युटरला यूपीएस असतो, पण फायबरचा डबा, राउटर आणि स्विच थेट भिंतीतल्या विजेवर. मग कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद. या तिघांना मिळून फार थोडी वीज लागते, छोटा यूपीएस पुरतो. दुसरी इंटरनेट लाइन घेणार असाल तर ती वेगळ्या वाटेने येते का ते बघा. दोन कंपन्यांच्या फायबर एकाच खांबावरून येत असतील तर एक फांदी दोन्ही घेऊन खाली येते.

माझं मागणं दुकान, दवाखाना, कारखाना चालवणाऱ्या प्रत्येकाकडे आहे. नवं बांधकाम किंवा नूतनीकरण करताना पीओपी आणि रंगाच्या आधी नेटवर्कवाल्याला बोलवा. विजेच्या वायरिंगपासून फूटभर लांब वेगळा पाइप टाकून घ्या आणि प्रत्येक टेबलाला एकाऐवजी दोन पॉइंट काढा. अस्सल तांब्याची कॅट ६ केबल नीट टाकली तर ती दहा-पंधरा वर्षं तुमच्याकडे काही मागत नाही. त्या काळात राउटर मात्र तीन-चार बदलतील. कोटेशनमध्ये केबलचा प्रकार, चाचणीचा अहवाल आणि नकाशा या तीन गोष्टी लिहून घ्या. राउटरचा पासवर्ड आमच्यापाशी ठेवू नका, तुमच्यापाशी ठेवा. यंदा वहीपूजनाच्या वेळी नव्या वहीचं शेवटचं पान या नकाशासाठी राखा : किती पॉइंट, कुठली वायर कुठे जाते, काम केव्हा झालं. पुढच्या वेळी नेट गेलं की कोणालाही फोन लावण्याआधी ते पान उघडा आणि राउटरला पिंग करा.